मराठी भयकथेचा प्रवास

मराठी भयकथेचा उगम छापील पुस्तकात नाही. तो कोकणातल्या पडवीत, देशावरच्या पारावर आणि आजीच्या अंथरुणाशेजारी आहे. मुंज होऊन लग्नाआधीच गेलेला मुलगा पिंपळावर मुंजा होऊन बसतो, बाळंतपणात दगावलेली बाई हडळ होते, गिऱ्हा माणसाला पाण्याकडे ओढतो, चकवा रात्रभर एकाच माळावर फिरवतो. या समजुतींना नियम होते. कोणते मरण अपुरे राहिले, कोणते कर्तव्य चुकले, यावरून भुताची जात ठरत असे. अकाली मृत्यू नेहमीचेच होते त्या काळातला हा शोकाचाच एक हिशेब होता.

हे धन कागदावर आले ते काहीसे अनपेक्षित वाटेने. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन याने मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून गावोगावच्या समजुती गोळा केल्या होत्या. 1909 च्या डिसेंबरात अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. मागे राहिलेल्या साहित्यावरून आर. ई. एन्थोव्हेन याने कोकणच्या लोकसमजुतींचा खंड तयार केला. तो 1915 मध्ये निघाला. ग्रंथ इंग्रजी असला तरी त्याचे खरे कर्ते ते मास्तरच.

त्याच 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी कथेला वार्षिक व्यासपीठ मिळाले. भयकथेला मात्र खास घर मिळायला स्वातंत्र्याचा काळ उजाडला. अनंत अंतरकर यांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’बरोबर ‘नवल’ चालवले. अद्भुत, गूढ, थरारक अशा कथांना ‘नवल’ने मानाने जागा दिली. संपादकाच्या या एका निर्णयाचे मोल मोठे आहे, कारण समीक्षेच्या दरबारात या कथेला तेव्हा उभेही करत नसत.

या काळातून दोन मोठे लेखक पुढे आले. नारायण धारप (1925–2008) रसायन तंत्रज्ञानाचे पदवीधर. त्यांच्या कथेत अमंगल शक्ती बाहेरून येते. तिला स्वतःची शिस्त असते आणि तिला रोखणाराही असतो. त्यांचे ‘समर्थ’ हे पात्र वाचकांना आधार वाटले ते याचमुळे. पाश्चात्त्य भयसाहित्य धारपांनी मनापासून वाचले होते. ‘लुचाई’ ही त्यांची कादंबरी स्टीफन किंगच्या रक्तपिपासूंच्या कादंबरीवर बेतलेली आहे. पण त्यांच्या उत्तम कथांतले वाडे, माजघरे, बंद खोल्या आणि वारसाहक्काची भांडणे अस्सल इथलीच आहेत.

रत्नाकर मतकरी (1938–2020) यांची भीती वेगळ्या ठिकाणी राहते. नाटककार असलेल्या मतकरींनी बरीच वर्षे बँकेत नोकरी केली. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘कबंध’, ‘फाशी बखळ’ या संग्रहांतली माणसे नोकरदार, शेजारीपाजारी, घरातलीच असतात आणि अनर्थ बहुधा त्यांच्या लोभातून, अपराधी मनातून किंवा एकटेपणातून सुरू होतो. कथा कुठे थांबवायची याची त्यांची जाण रंगभूमीवर तयार झाली असावी. मराठी कथेच्या इतिहासात या संग्रहांना आजवर मिळाली त्याहून कितीतरी मोठी जागा मिळायला हवी.

ते टिकले वाचनालयांमुळे. मासिक वर्गणीवर पुस्तके देणाऱ्या पेठापेठांतल्या वाचनालयांत धारप-मतकरींची पुस्तके जाड पुठ्ठ्यात पुन्हा बांधलेली, कोपरे झिजलेली असत. नव्या वाचकाला हे संग्रह सापडत ते तिथेच; कुणी शिफारस न करता, कपाटातल्या मळक्या पुस्तकांवरून.

पुढे मतकरींच्या कथांवर ‘गहिरे पाणी’ ही दूरचित्रवाणी मालिका आली. 2018 मध्ये राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यामागे धारपांच्या एका कथेची प्रेरणा होती आणि नावाचा धागा श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीशी जुळलेला. 2024 मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला. दरम्यान साकेत प्रकाशनाने धारपांची जुनी पुस्तके नव्या आवृत्त्यांत आणली असून ती आता वाचनालयाबाहेरही विकत मिळतात.