रोडपालीत कांगारू पॉ फुलेल का? लागवड आणि पावसाळ्यातली निगा

कांगारूच्या पंजासारखी दिसणारी, मखमली लव असलेली लाल-हिरवी फुलं रील्समध्ये दिसली की प्रश्न पडतोच, हे आपल्या बाल्कनीत येईल का? थोडक्यात उत्तर असं: कुंडीत लावून पाहता येईल, पण पावसाळ्याचे चार महिने झाड छपराखाली ठेवावं लागेल. तशी सोय नसेल तर पैसे घालवू नका.

हे झाड मूळचं कुठलं?

कांगारू पॉ म्हणजे अॅनिगोझँथस. याच्या ११ जाती आहेत आणि सगळ्या फक्त पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात निसर्गतः उगवतात. त्यातली लाल-हिरवी जात, अॅनिगोझँथस मँगलेसी, १९६० पासून त्या राज्याचं मानचिन्ह आहे. फुलांतला मध प्यायला पक्षी येतात. ते दांड्यावर बसून चोच आत घालतात, तेव्हा पराग त्यांच्या डोक्याला लागतो आणि पुढच्या फुलावर पोहोचतो.

अडचण कुठे येते?

पर्थ शहरात वर्षभरात साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक थंडीत. उन्हाळा तिथे कोरडा असतो आणि वाळूमिश्रित जमिनीत पाणी थांबत नाही. पनवेल परिसरात मात्र जून ते सप्टेंबर याच काळात याच्या कितीतरी पट पाऊस कोसळतो, तोही दमट उकाड्यात. शिवाय रोडपाली-कळंबोलीचा बराचसा भाग खाडीलगतचा आणि सखल आहे. ऊन या झाडाला हवंच असतं. त्याला मारतं ते मुळाशी साचलेलं पाणी. म्हणून इथे जमिनीत लावण्यापेक्षा कुंडी बरी, कारण ती हलवता येते.

रोप कोणतं घ्यावं?

अॅनिगोझँथस फ्लेविडस ही उंच जात मुळात ओलसर जागी वाढणारी आहे. ती आणि तिच्यापासून तयार केलेले संकर त्यातल्या त्यात काटक असतात. मँगलेसी दिसायला सुंदर, पण जास्त नाजूक.

बियांपेक्षा तयार रोप सोपं. मँगलेसीच्या बिया वणव्यानंतर उगवायला सरावलेल्या असतात. धुरातल्या ग्लिसेरोनायट्राइल या घटकामुळे त्या रुजतात, असं संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं. परदेशातून बी किंवा रोप मागवायचं असेल तर आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ऑनलाइन ऑर्डर देण्याआधी हे तपासा.

लागवड कशी करावी?

* वेळ: पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.
* कुंडी: किमान १२ इंची, तळाला मोठी भोकं असलेली. मातीची असेल तर उत्तम.
* माती: निम्मी जाड वाळू किंवा विटांची चुरी. उरलेल्यात बागेची माती आणि थोडं कुजलेलं शेणखत.
* जागा: रोज किमान ६ तास ऊन आणि खेळती हवा.
* पाणी: दोन पेरं खोल बोट घालून पाहा. कोरडं लागलं तरच बुडाशी पाणी द्या, पानांवर नको.
* खत: हलकंच. डीएपीसारखं जास्त स्फुरद असलेलं खत टाळा.

पावसाळ्यात काय करावं?

मे महिन्याच्या अखेरीस, वळीव सुरू होण्याआधीच कुंडी आत घ्या. ग्रिलमध्ये ठेवलेल्या कुंडीला तिरका पाऊस लागतो, त्यामुळे तेवढं छप्पर पुरत नाही. उजेड आणि वारा मिळेल अशा कोरड्या जागी कुंडी विटांवर ठेवा आणि खालची ताटली काढून टाका. वरून प्लास्टिक गुंडाळू नका, आत दमटपणा साठतो. या काळात पाणी अगदी कमी द्या.

झाड बिघडतंय हे कसं ओळखावं?

* पानांवर शाई सांडल्यासारखे काळे डाग: ही बुरशी. डागाळलेली पानं कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.
* पानं पिवळी आणि बूड मऊ: कंद कुजतोय. रोप काढा, कुजलेला भाग कापा आणि कोरड्या मिश्रणात पुन्हा लावा.
* कुरतडलेली पानं: बहुधा गोगलगायी. रात्री बॅटरी घेऊन शोधा आणि वेचून काढा.

फुलं येऊन गेल्यावर

पानांचा प्रत्येक पंखा एकदाच फुलतो. त्यानंतर नवे पंखे जमिनीखालच्या कंदातून येतात. म्हणून फुलं वाळली की तो दांडा जुन्या पानांसकट बुडाशी कापा. दर दोन-तीन वर्षांनी, पाऊस संपल्यावर, कंद विभागून नव्या कुंडीत लावा.

मग लावायचं की नाही?

ऊन येणारी बाल्कनी आणि पावसाळ्यासाठी कोरडा कोपरा या दोन्ही गोष्टी असतील तर एका रोपापासून सुरुवात करा. एक पावसाळा निभावला तरच दुसरं आणा. उघड्या अंगणात किंवा सोसायटीच्या बागेत लावायचं असेल तर कर्दळ किंवा हेलिकोनिया निवडा. कोकणातला पाऊस दोन्ही आनंदाने झेलतात आणि त्यांच्या फुलांवर शिंजीर पक्षीही येतात.