ट्रान्सप्यूटरचा न आलेला वारस

भिवंडीलगतच्या शेलारसारख्या गावातील यंत्रमागाच्या कारखान्यात, एका छपराखाली ओळीने चालणारे माग, एकाचा धागा तुटून तो थांबला तरी बाकीच्यांची खडखड अखंड ठेवून, आपापला ताणा-बाणा कसा सांभाळतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला पुण्यात घडलेल्या ‘परम’ महासंगणकाचे मर्म समजण्यास प्रयास पडू नयेत.

१९७१ साली इंटेलची ४००४ ही चिप निघाल्यापासून बहुतेक कंपन्यांनी एकट्या प्रोसेसरचे बळ वाढविण्यातच बुद्धी वेचली. त्यातही गुणवत्तेला वारसा लाभेलच असे नव्हते. झायलॉगची १९७६ ची झेड-८० घरोघर पोहोचली, पण १९८१ साली आयबीएमने आपल्या पीसीसाठी इंटेलची ८०८८ पसंत केली आणि झायलॉगची पुढची चिप झेड-८००० मागे पडली. ब्रिस्टलच्या इनमॉसने, जी १९७८ साली ब्रिटिश सरकारच्या तिजोरीच्या आधारे उभी राहिली होती, अनेक चिपा एकमेकींस जोडून एकत्र राबविण्याचा निराळाच मार्ग धरला. तिच्या १९८७ च्या टी-८०० या ट्रान्सप्यूटरमध्ये फ्लोटिंग-पॉइंट गणिताची यंत्रणा, चार किलोबाइट स्मृती आणि शेजारच्या चिपांशी जोडणारे चार दुवे एकत्र नांदत होते. निरोप धाडणारी प्रक्रिया, घेणारी सिद्ध होईपर्यंत, स्वस्थ थांबून राही. इतकी निर्मळ रचना त्या दशकातील दुसऱ्या कोणत्याही चिपेत मला आढळत नाही.

अमेरिका बलाढ्य क्रे महासंगणक देण्यास राजी नसताना, पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली, तीन वर्षांची मुदत व तीस कोटींची मंजुरी पदरात घेऊन हीच चिप निवडली, आणि १९९१ साली चौसष्ट ट्रान्सप्यूटर एकमेकांस जोडून ‘परम ८०००’ उभा केला.

त्याच वर्षी इनमॉसने टी-९००० या वारसाची घोषणा केली. परंतु तो ठरल्या मुदतीत आला नाही, आला तेव्हा ठरलेला वेग त्याला गाठता आला नाही, आणि त्या दिरंगाईत इतरांच्या चिपा पुढे निघून गेल्याने अखेर तो बेतच बारगळला. ही हानी एका कंपनीपुरती नव्हती. समांतर गणनेचा एक स्वच्छ विचार तिच्यासोबत लोपला, याची हळहळ मला आजही वाटते.

पुणे मात्र ब्रिस्टलची वाट पाहत बसले नाही. जोडणीची विद्या आपल्या हाती ठेवून प्रोसेसर बदलण्याचा सी-डॅकचा निर्णय मी त्या प्रकल्पातील सर्वांत दूरदर्शी मानतो. ‘परम ८६००’ मध्ये इंटेलची आय-८६० आली; १९९८ चा ‘परम १००००’ सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर चालला.