निळा किरण आणि लग्नाची सीडी

२००० नंतरच्या दशकात आमच्या असोद्यासारख्या गावात लग्न झालं, की काही दिवसांनी शूटिंगची सीडी घरी यायची. लोडशेडिंगची वेळ टाळून आळीतली मंडळी टीव्हीसमोर बसायची.

त्याच सुमारास जगात तबकडीवरून मोठी लढाई चालली होती. तबकडीवरच्या खुणा लेसरचा किरण वाचतो. किरणाची तरंगलांबी जितकी कमी, तितक्या खुणा बारीक. बारीक सुईनं तेवढ्याच कापडावर जास्त टाके बसतात, तसंच हे. सीडीचा किरण ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० आणि नवा निळा-जांभळा किरण ४०५ नॅनोमीटरचा. म्हणूनच डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतात, तर ब्लू-रेच्या थरात २५. तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनी व साथीदारांची ब्लू-रे २००६ साली समोरासमोर आल्या. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्लू-रेकडे गेली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबानं माघार घेतली.

पण जिंकलेली तबकडी आपल्या गावांत फारशी पोचलीच नाही. प्लेअर महाग, त्याला टीव्हीही नवा हवा. पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीवर तिची चमक दिसणार कुठून? इकडे मोझर बेअरनं २००७ च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली होती. पुढं २०१६ पासून मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि गाव सीडीवरून थेट मोबाइलवर गेलं.

मला काळजी आहे ती मागं राहिलेल्या तबकड्यांची. सिनेमाच्या तबकडीत खुणा कारखान्यातच ठशासारख्या दाबलेल्या असतात. लग्नाच्या सीडीत मात्र त्या रंगद्रव्याच्या थरावर उमटवलेल्या असतात. उष्णतेनं, उजेडानं तो थर खराब होतो, आणि जळगावचा उन्हाळा तर आपण जाणतोच. शिवाय ती चालवायला आता प्लेअरही सहज मिळत नाही.

त्या सीडीत नुसते नवरा-नवरी नाहीत. हळदीची गाणी आहेत, आपली बोली आहे, आज हयात नसलेल्या आजीचा आवाज आहे. याच असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी त्यांच्या ओव्या उतरवून घेतल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. उतरवून घेण्याचं तेच काम आज आपल्याकडे आहे. कपाटातली सीडी काढा, चालते तोवर संगणकावर उतरवा आणि एक प्रत भावाबहिणींच्या घरीही ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)