तिकिटावरचे दुसरे नाव : लिंकनचा जोडीदार आणि काळ्यांची जमीन

अब्राहम लिंकनने गुलामांना मुक्त केले, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत असते. पण मुक्त झालेल्या त्या माणसांच्या हातात आलेली जमीन कोणी काढून घेतली, असे विचारले तर बहुतेक जण गप्प होतात. ते काम करणारा माणूस लिंकनच्याच तिकिटावर निवडून आला होता. त्याचे नाव अँड्र्यू जॉन्सन.

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराबरोबर उपाध्यक्षपदाचा उमेदवारही उभा असतो. मतदार दोघांना मिळून एकच मत देतो. हा जोडीदार, म्हणजे ‘रनिंग मेट’, बहुधा बेरजेसाठी निवडला जातो. आपल्याकडे नसलेला प्रदेश आणि नाराज असलेला गट त्याच्या नावाने जोडून घ्यायचा, हा हिशोब.

१८६० मध्ये लिंकनचा जोडीदार होता मेन राज्याचा हॅनिबल हॅमलिन, गुलामगिरीचा ठाम विरोधक. १८६४ मध्ये यादवी युद्ध चौथ्या वर्षात गेले होते आणि लोक कंटाळले होते. रिपब्लिकन पक्षाने ‘नॅशनल युनियन’ असे नाव घेतले आणि जूनमध्ये बाल्टिमोरच्या अधिवेशनात हॅमलिनला बाजूला केले. मेन राज्य तसेही पक्षाचेच होते. हॅमलिन नवे मत आणत नव्हता.

जॉन्सन दक्षिणेतल्या टेनेसीचा, तोही डेमोक्रॅट. फुटून निघालेल्या राज्यांतला, सिनेटमधली जागा न सोडणारा तो एकमेव सदस्य. पण तो स्वतः गुलाम बाळगणारा होता. त्याचा राग दक्षिणेतल्या बड्या जमीनदारांवर होता. काळ्या माणसाला समान मानण्याशी त्या रागाचा काही संबंध नव्हता. लिंकनने स्वतः सूत्रे हलवली की निर्णय अधिवेशनावर सोडला, यावर इतिहासकारांत वाद आहे. त्याने हे नाव अडवले नाही, एवढे मात्र खरे.

मग जॉन्सनमुळे लिंकन जिंकला का? २३ ऑगस्टला लिंकनने स्वतःच एका कागदावर लिहून ठेवले होते की आपण हरण्याचीच शक्यता जास्त आहे. म्हणजे जॉन्सन सोबत येऊन अडीच महिने झाले, तरी वारे फिरले नव्हते. ते फिरले २ सप्टेंबरला, अटलांटा पडल्यावर. समोरच्या तिकिटाने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता : जनरल मॅक्लेलनला युद्ध चालू ठेवायचे होते, त्याचा जोडीदार पेंडलटन तहाची भाषा करत होता. लिंकन २१२ विरुद्ध २१ निर्वाचक मतांनी जिंकला. टेनेसीची मते तर संसदेने मोजलीच नाहीत!

म्हणजे जोडीदाराचा प्रचारातला फायदा फार तर प्रतिमेपुरता. किंमत मात्र पुढे द्यावी लागली, आणि ती उमेदवाराने नव्हे, काळ्या जनतेने दिली.

४ मार्च १८६५ ला शपथविधी झाला. १४ एप्रिलला लिंकनवर गोळी झाडली गेली. सहा आठवड्यांत जॉन्सन अध्यक्ष! त्याच जानेवारीत जनरल शर्मनच्या आदेशाने दक्षिणेच्या किनारपट्टीवर मुक्त कुटुंबांना ४० एकरांपर्यंत जमीन द्यायला सुरुवात झाली होती. जॉन्सनने बंडखोर मालकांना माफी दिली आणि त्यातली बहुतेक जमीन त्यांना परत केली. फेब्रुवारी १८६६ मध्ये फ्रेडरिक डग्लस आणि सहकारी मताधिकार मागायला गेले, तेव्हा त्यांना रिकाम्या हाताने पाठवले. नागरी हक्कांच्या विधेयकावर त्याने नकाराधिकार वापरला. संसदेने तो मोडून काढला म्हणून कायदा झाला. १८६८ च्या महाभियोगातून तो अवघ्या एका मताने वाचला.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना. बाबासाहेबांनी १८६५ नंतरचा विश्वासघातही पाहिला होता. काँग्रेस आणि गांधींवरच्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी बजावले की नीग्रोंचे पुढे काय झाले, हे अस्पृश्यांना विसरता येणार नाही.

म्हणून मित्रांनो, तिकिटावरचे पहिले नाव पाहून भारावून जाऊ नका. दुसरे नाव वाचा. तो माणूस कोणावर चिडलेला आहे, एवढ्यावर थांबू नका. तो कोणाला समान मानतो, हे विचारा. जॉन्सनच्या बाबतीत हा प्रश्न १८६४ मध्ये कोणी नेटाने विचारला असता, तर कदाचित ती जमीन कसणाऱ्यांच्या हातात राहिली असती.