माडीचे घर: शिरूर-दौंड परिसरातील दुमजली घरांचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला घोड आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत शिरूर आणि दौंड हे तालुके पसरले आहेत. पर्जन्यछायेतला हा मुलूख. पाऊस बेताचा आणि इमारती लाकूड त्याहून दुर्मिळ. त्यामुळे गावातली बहुतेक घरे मातीची, बसकी आणि धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची असत. दुमजली घर देशमुख, पाटील, कुलकर्णी, इनामदार किंवा सावकार यांचेच असे. गावात माडी कोणाची, यावरून वतन आणि पैसा कोणाच्या हाती आहे ते कळत असे.

साध्या घराचे धाबे घालण्याची रीत ठरलेली होती. भिंती आणि खांबांवर तुळया, तुळयांवर सर, त्यांवर किलच किंवा काटक्या, वर पाला आणि शेवटी पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेड आत यावा आणि धूर बाहेर जावा म्हणून धाब्यात सवणे ठेवत. पावसाळ्याच्या तोंडावर माती पुन्हा चोपून घ्यावी लागे, नाहीतर घर गळे. अशा जड छपरावर आणखी एक मजला चढवायचा तर दगडी जोते, दोन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि सागवानी खांब हवेत. हे सागवान बाहेरून गाड्यांवर लादून आणावे लागे. म्हणजे माडीचा खरा खर्च लाकडाचा होता. घराचे मापही त्यावरच ठरे: दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. खरेदीखतात घर इतक्या खणांचे असे लिहीत.

अशा दुमजली वाड्याच्या खालच्या मजल्यावर देवडी, चौक, सोपा, माजघर, देवघर आणि धान्याचे बळद असे. वर जाणारा जिना अनेकदा भिंतीच्या जाडीतच काढलेला, अरुंद, उभा आणि अंधारा असे. वरचे तोंड आडव्या झडपेने बंद करता येई. लुटालुटीच्या काळात ही सोय मोलाची होती. माडीवर बैठक भरे, हिशेबाची दप्तरे राहत, पाहुण्याला उतरवत.

पेशवाईत पुणे राज्यकारभाराचे केंद्र झाले आणि वाडे बांधण्याला जोर आला. शनिवारवाड्याचे काम १७३० मध्ये सुरू झाले. सरदार आणि कारकुनांनी शहरात, तसेच इनामाच्या गावांतही वाडे उभारले. शिरूर तालुक्यातील पाबळ हे असेच, पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या मस्तानीकडे असलेले गाव. तिची कबर तिथेच आहे.

१८०२ च्या वसई तहानंतर घोडनदीकाठी शिरूरला इंग्रजांच्या तैनाती फौजेचा तळ पडला. कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ रोजी पुण्याकडे निघाली ती इथूनच. छावणीमागे व्यापार आला, पेठ वाढली आणि खाली दुकान, वर बिऱ्हाड असे घर रूढ झाले. माडी आता वतनाइतकीच व्यापाराच्या पैशावरही उभी राहू लागली.

पैशाचे हे स्थलांतर शेतकऱ्याच्या अंगावर आले. रोख सारा, पडलेले भाव आणि वाढते व्याज यांत जुनी घराणी बुडाली. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावात काळूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि देशमुखांचे राहते घर पाडायला घेतले. कर्जापायी जमीन जाणे गावाने पाहिले होते. देशमुखाचे घर उतरवले जाणे त्याला असह्य झाले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. मे १८७५ मध्ये सुपे गावापासून दंगे पेटले, जमावांनी कर्जरोखे जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला.

दौंडची कथा रेल्वेची आहे. पुण्याहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग १८५८ मध्ये या भागातून सुरू झाला आणि १८७८ मध्ये मनमाडची लाईन जोडली गेल्यावर दौंड जंक्शन झाले. रेल्वे वसाहतीत साहेबांचे बंगले आणि कामगारांच्या चाळी एका आखणीने उभ्या राहिल्या. इथे दर्जा ठरे तो हुद्द्याने, मजल्यांनी नव्हे. रेल्वेमुळे लोखंडी गर्डर, पत्रे आणि मंगलोरी कौले आणणे सोपे झाले. धाबे मागे पडत गेले.

स्वातंत्र्यानंतर कूळकायद्याने जमीनदारीचे उत्पन्न आटले आणि वाटण्यांनी वाड्यांचे खण भावाभावांत विभागले. पुणे शहरात १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना. १९६१ च्या पानशेत पुराने पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे पाडले. १९६३ मध्ये मालकीच्या सदनिकांचा कायदा झाला आणि वाड्यांच्या जागी फ्लॅट उभे राहू लागले. काँक्रीटच्या स्लॅबने तुळई आणि सर यांची गरजच संपवली.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींनंतर शिरूर-दौंडमध्येही इमारती वाढल्या. माडी आता पगारदाराच्या आवाक्यात आली. श्रीमंतीची खूण मात्र बदलली: उंच छत, पोटमाळा, आतला जिना आणि उघडे ठेवलेले लाकूडकाम असलेला फ्लॅट आज महागात विकला जातो. त्यासाठी पाडलेल्या वाड्यांचे खांब, तुळया आणि दरवाजे जुन्या लाकडाच्या वखारीतून नेले जातात. लाकूड त्यामुळे टिकते, पण चौक, सोपा आणि माडी यांची एकत्र मांडणी नाहीशी होते. ती जपायची असेल तर उरलेल्या वाड्यांची जागेवरच डागडुजी व्हायला हवी, आणि त्यासाठी मातीचे व चुन्याचे काम जाणणारे गवंडी आणि सुतार टिकले पाहिजेत.