पंचाला ऐकूच आलं नाही, तर?

माझ्या पीएचडीचा विषय आहे आवाज. म्हणजे गोंगाटातून आपल्याला हवा तो आवाज वेगळा कसा काढायचा, हा. गिरीजला घरी कुणी विचारलं की समीकरणं बाजूला ठेवून मी क्रिकेटचं उदाहरण देतो. आज तेच जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात इतिहासही आहे.

आधी थोडं विज्ञान. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतं. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनी उतरतो. म्हणजे दोन मीटरवर ५४, चारवर ४८, आठवर ४२ आणि सोळावर ३६. आता खेळपट्टी आहे २२ यार्डांची, म्हणजे जवळपास २० मीटर. एका टोकाला क्षेत्ररक्षकानं फलंदाजाला काही सुनावलं, तर दुसऱ्या टोकाच्या पंचापर्यंत ते पोचेपर्यंत प्रेक्षकांच्या आरड्याओरड्यात बुडून जातं. पंचाला तोंडं हलताना दिसतात, शब्द मात्र कळत नाहीत. समोरच्याला डिवचणं, ज्याला आपण स्लेजिंग म्हणतो, त्याचा न्याय करताना खरी अडचण हीच येते. ती कशी सोडवली गेली, हे पाहायला आपल्या मुंबईच्या तीन खेळाडूंच्या गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली गोष्ट फेब्रुवारी १९८१ ची, मेलबर्नची. सुनील गावसकर ७० वर खेळत असताना डेनिस लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी त्यांना पायचीत दिलं. चेंडू बॅटला लागला होता, असं गावसकरांचं म्हणणं. ते चिडून निघाले आणि जाताजाता चेतन चौहाननाही सोबत घेऊन चालले. सीमारेषेजवळ संघाचे व्यवस्थापक शाहिद दुर्राणी पुढे आले, त्यांनी चौहानना मैदानात परत पाठवलं आणि सामना वाचला. (पुढे तो सामना भारतानं ५९ धावांनी जिंकला!) गावसकरांनी नंतर अनेकदा सांगितलंय की, राग निर्णयाचा होताच, पण चौहानना घेऊन निघावंसं वाटलं ते लिलीच्या शेरेबाजीमुळे. आणि आपण तसं करायला नको होतं, हेही त्यांनी मान्य केलंय.

आता बघा, त्या वेळी पंचांच्या हातात काय होतं? कप्तानाला समज द्यायची आणि नंतर बोर्डाला अहवाल पाठवायचा. बस्स. मैदानाबाहेर बसून शिक्षा ठरवणारा तटस्थ माणूसच नव्हता. तो आला १९९१ मध्ये. आयसीसीनं आचारसंहिता केली आणि सामनाधिकारी नेमायला सुरुवात केली. पंचांनी तक्रार करायची, सामनाधिकाऱ्यानं दोन्ही बाजू ऐकून निकाल द्यायचा, अशी ही रचना. कागदावर ती छानच दिसते. पण जे पंचांनीच ऐकलं नाही, त्याचा निकाल सामनाधिकारी कशावरून देणार?

हा प्रश्न ४ जानेवारी २००८ ला सिडनीत उभा राहिला. सचिन तेंडुलकर आणि हरभजन सिंग यांची आठव्या विकेटसाठी १२९ धावांची भागीदारी चालू होती. हरभजननं ब्रेट लीला गमतीनं बॅट टेकवली, ते अँड्र्यू सायमंड्सला खटकलं आणि दोघांची जुंपली. हरभजन आपल्याला ‘मंकी’ म्हणाला, अशी सायमंड्सची तक्रार होती. स्टीव्ह बकनर आणि मार्क बेन्सन हे दोन्ही पंच मैदानात होते, पण तो शब्द दोघांपैकी कुणीच ऐकला नव्हता. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी ऑस्ट्रेलियन खेळाडूंवर विश्वास ठेवून हरभजनवर तीन कसोटींची बंदी घातली.

अपील झालं. २९ जानेवारीला अॅडलेडमध्ये न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर सुनावणी झाली आणि तिथे नॉन-स्ट्रायकर असलेल्या सचिनची साक्ष महत्त्वाची ठरली. हरभजन आईवरून देतात ती आपल्याकडची नेहमीची शिवी देत होता, आणि तिच्यातलं ‘माँ की’ परक्या कानाला ‘मंकी’ वाटू शकतं, ही शक्यता पुढे आली. वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही. शिवीगाळीसाठी सामन्याच्या मानधनाच्या ५० टक्के दंड झाला. हरभजनच्या आधीच्या सगळ्या गुन्ह्यांची नोंद हॅन्सन यांच्यापुढे आलीच नव्हती. ती असती तर शिक्षा वाढू शकली असती, असं ते नंतर म्हणाले.

आपल्याकडे ही गोष्ट ‘आपण जिंकलो’ अशी सांगितली जाते. पण ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘घडलं नाही’ यांत फरक आहे. प्रयोगात एखादा सिग्नल यंत्राला सापडला नाही, तर आम्ही तो नव्हताच असं लिहीत नाही. आमच्या यंत्राला सापडला नाही, एवढंच लिहितो. शिवाय सिडनीच्या अडीच महिने आधी, ऑक्टोबर २००७ मध्ये, वडोदऱ्यात आणि नंतर आपल्या वानखेडेवर प्रेक्षकांनी सायमंड्सकडे बघून माकडाचे आवाज आणि हावभाव केले होते. मुंबईत पोलिसांनी काही जणांना ताब्यातही घेतलं होतं. तो शब्द सायमंड्सच्या कानात इतका ताजा का होता, हे त्यावरून समजतं. या प्रकरणानंतर आपली घसरण सुरू झाली, असं त्यानं पुढे सांगितलं. २०२२ मध्ये तो अपघातात गेला.

यानंतर नियम बदलत गेले. २०१६ पासून आयसीसीत डिमेरिट गुण आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये क्रिकेटच्या कायद्यांत ४२वा कायदा खेळाडूंच्या वर्तनावर आला: गुन्ह्याच्या चार पातळ्या, पाच दंडाच्या धावा, आणि गंभीर प्रकारात खेळाडूला बाहेर काढणं. पण हा कायदा नीट वाचा. पंच बोलावतात कप्तानाला, आणि खेळाडूला बाहेर काढायला सांगतात तेही कप्तानालाच.

तिसरी गोष्ट इथेच बसते. सप्टेंबर २०२२, कोइम्बतूर, दुलीप करंडकाचा अंतिम सामना. याच सामन्यात २६५ धावा केलेला यशस्वी जैस्वाल दक्षिण विभागाच्या रवी तेजाला सारखा डिवचत होता. पंचांनी समज दिली, तरी तो थांबेना. तेव्हा पश्चिम विभागाचा कप्तान अजिंक्य रहाणे यानं आपल्याच खेळाडूला मैदानाबाहेर पाठवलं. काही षटकं संघ दहा जणांनी खेळला. जैस्वाल नंतर परत आला आणि सामना २९४ धावांनी जिंकला. इथे सुनावणी, साक्षी, अपील काहीच लागलं नाही, कारण जैस्वाल काय बोलतोय हे रहाणेला ऐकूही येत होतं आणि समजतही होतं.

वसईतल्या मैदानांवर हे आणखी पटतं. एका बाजूला कादोडी, दुसरीकडे वाडवळी, मधूनच हिंदी. बाहेरगावचा अंपायर आला तर अर्ध्याहून जास्त शेरे त्याच्या डोक्यावरून जातात. तिथे मायक्रोफोन लावूनही भागणार नाही. तो आवाज पकडेल, अर्थ कोण सांगणार? म्हणून या मोसमात तुमच्या गावच्या स्पर्धेचे नियम लिहायला बसलात, तर एक ओळ वाढवा: शेरेबाजी झाली तर पहिला जाब कप्तानाला विचारला जाईल.