टॅरँटुला, पाळीव : बचाव व पुनर्वसन

थेरॅफोसिडी कुलातील मोठे, केसाळ कोळी मालकाला नकोसे झाल्यास, बेवारस सापडल्यास किंवा तस्करीत पकडले गेल्यास त्यांना जाणत्या पालकाकडे सोपवण्याचे काम. युरोप-अमेरिकेत असे कोळी पाळण्याचा छंद बराच रुजलेला आहे. तेथे प्राणिकल्याण संस्था व छंदिष्टांचे गट हे काम करतात.

कोळी नकोसा होण्यामागे पुष्कळदा त्याचे आयुर्मान असते. मेक्सिकोतील ब्राकिपेल्मा प्रजातीची मादी २० वर्षांहून अधिक जगते. नर वयात आल्यावर फार टिकत नाही. शाळकरी वयात हौसेने आणलेली मादी मालकाचे लग्न झाले तरी पेटीत ठाण मांडून असते.

कोळी हातात घेत नाहीत. थोड्या उंचीवरून पडला तरी त्याचे उदर फुटू शकते. पुढे पारदर्शक डबी धरून मागून मऊ कुंचल्याने त्याला हळूच आत सारतात. अमेरिका खंडांतील अनेक जाती उदरावरचे खाजरे केस मागच्या पायांनी उडवतात. ते डोळ्यांत गेल्यास फार त्रास होतो. भारत-श्रीलंकेतील पीसिलोथेरिया प्रजातीला असे केस नसतात, पण ती विजेसारखी चपळ असते आणि तिच्या दंशाने स्नायूंत तीव्र पेटके येतात. उताणा कोळी मेला समजून फेकून देणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. तो बहुधा कात टाकत असतो. मरणारा कोळी पाय अंगाखाली मुडपतो. कोळी कात टाकत असताना खाद्य म्हणून सोडलेला रातकिडा पेटीत राहिला, तर तो कोळ्यालाच कुरतडू शकतो.

नवा कोळी काही काळ वेगळा ठेवतात. तोंडाशी पांढरा स्राव दिसल्यास सूत्रकृमींची शंका घेतात. त्यांतील एका जातीला २०२२ मध्ये ‘ॲरॅक्नोफोबिया’ या चित्रपटातील नट जेफ डॅनियल्स याचे नाव मिळाले. कोळ्यांची भीती घालणाऱ्या चित्रपटाचा असाही सन्मान!

भारतात २०२१ मध्ये चेन्नईत सीमाशुल्क विभागाने पोलंडहून आलेले टपाल पार्सल उघडले. त्यात फॉइल व कापसात गुंडाळलेल्या कुप्यांत १०७ जिवंत कोळी निघाले. ते परत धाडण्याचे ठरले. उलट दिशेची कथा आंध्र प्रदेशातील निळ्या पीसिलोथेरिया मेटॅलिकाची. जंगलात अतिसंकटग्रस्त असलेली ही जाती परदेशी छंदिष्टांच्या पेट्यांत सहज आढळते. २०१९ मध्ये पीसिलोथेरिया ही संपूर्ण प्रजाती वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली.

नको झालेला कोळी मोकळा सोडणे म्हणजे पुनर्वसन नव्हे. फ्लॉरिडातील लिंबूवर्गीय फळांच्या बागेत १९९० च्या दशकात मेक्सिको-मध्य अमेरिकेतील टॅरँटुलांची वसाहत आढळली. पेटीत पैदास झालेली मेटॅलिकाही आंध्रात आणून सोडता येत नाही; तिच्या पूर्वजांचे मूळ ठिकाण आणि त्यांत झालेला संकर यांची खात्री क्वचितच देता येते.